ज्याचे पॉइंट्स, त्याचे नियम

मागच्या अंकात पॉइंट्सवर (विमानप्रवासातून किंवा क्रेडिट कार्डावर साठतात ते) परदेशाचं तिकीट कसं काढायचं यावर दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून इनबॉक्स नुसता वाहतोय. निम्म्याहून जास्त लोक एकाच जागी अडकलेत: एका तिकिटात दोन-तीन एअरलाइन्स आणि मधे एखादा मुक्काम बसवायचा तर काय चालतं, काय नाही. मी फोर्टातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत अठरा वर्षं तिकिटं काढली, तेव्हा हे सगळं जाडजूड टॅरिफ बुकं उघडून, पेन्सिलीने बेरजा मारून व्हायचं. आता स्क्रीनवर होतं, पण बेरजा त्याच आहेत. निवडक सात प्रश्न घेतलेत.

प्रश्न (नाशिक): मुलगा मिसिसागाला असतो. त्याच्याकडे एअर कॅनडाच्या एरोप्लॅनचे बरेच पॉइंट्स साठलेत, त्यातून आम्हा दोघांचं मुंबई–टोरांटो तिकीट काढतो म्हणतोय. सौ.ची फार इच्छा आहे की जाताना चार दिवस स्वित्झर्लंड बघावं. मुलगा म्हणतो बसतंय, आमचा ओळखीचा एजंट म्हणतो पॉइंट्सच्या तिकिटात मधे उतरता येत नाही. खरं कोण बोलतंय?

काका, मुलगा. एजंटही तसा खोटं बोलत नाहीये, त्याच्या डोक्यात दुसऱ्या कुठल्यातरी एअरलाइनच्या पॉइंट्स प्रोग्रॅमचा नियम असणार. इथेच सगळ्यांची गल्लत होते. तुम्ही बसणार स्विसच्या विमानात म्हणून स्विसचा नियम लागेल असं वाटतं, तसं नसतं. पॉइंट्स ज्याचे, नियम त्याचा. एरोप्लॅनचा नियम असा की एका बाजूच्या तिकिटात ५,००० पॉइंट्स जास्तीचे भरले की एक स्टॉपओव्हर, म्हणजे मधला मुक्काम, मिळतो, तो ४५ दिवसांपर्यंत ताणता येतो, फक्त कॅनडात किंवा अमेरिकेत घेता येत नाही. एका बाजूला जास्तीत जास्त सहा विमानं. म्हणजे जाताना झुरिकला चार दिवस आणि येताना पुन्हा ५,००० भरून व्हिएन्नाला चार दिवस असंही करता येईल, सौ.ना हे आधी सांगू नका, बजेट वाढेल.

आता बेरीज बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. एरोप्लॅनने जगाचे चार झोन पाडलेत आणि भारत टाकलाय अटलांटिक झोनमध्ये, युरोप-आफ्रिका-आखाताबरोबर. अरबी समुद्राकाठच्या माणसाला अटलांटिकवाला ठरवलंय, असो. या झोनमधून उत्तर अमेरिकेला जायचं तर भागीदार एअरलाइन्ससाठी (स्विस, लुफ्थान्सासारख्या, ज्यांच्या विमानात हे पॉइंट्स चालतात) जो चार्ट आहे त्यात अंतराच्या पायऱ्या आहेत: ४,००० मैलांपर्यंत, मग ६,०००, मग ८,०००, आणि त्यापुढचं सगळं एका पायरीत. अंतर मोजतात ते प्रत्यक्ष उडालेल्या तुकड्यांची बेरीज करून, मुंबई ते टोरांटो सरळ रेषेत नाही.

मुंबई–झुरिक साधारण ४,०६० मैल. झुरिक–टोरांटो साधारण ४,०३०. बेरीज ८,०९०. नव्वद मैलांनी पायरी चुकली! फ्रँकफर्टवरून जा, ८,०३० च्या आसपास. लंडनवरून जा, तेच. म्युनिक, तेच. मुंबईकर यातल्या कुठूनही गेला तरी ८,००० च्या जरा वर जातो आणि वरच्या भावात बसतो. दिल्लीकर मात्र फ्रँकफर्टवरून ७,७५० मध्ये पोचतो, खालच्या भावात.

मग तुमच्या मुलाला एक आयडिया नक्की सुचणार (त्या वयात सुचतेच) की मुंबई–दिल्ली वेगळं तिकीट पैशाने काढू आणि पॉइंट्सचं तिकीट दिल्लीपासून सुरू करू. हिशोबाने बरोबर आहे. पण दोन वेगळी तिकिटं म्हणजे मुंबईचं विमान लेट झालं आणि दिल्लीचं सुटलं तर दुसऱ्या एअरलाइनला तुमचं काहीही देणंघेणं नाही, तुम्ही नो-शो. सामानही बहुतेक वेळा दिल्लीत ताब्यात घेऊन परत चेक-इन करायचं. पंचविशीतल्या पोराने हे जरूर करावं. तुम्ही दोघांनी दिल्लीत रात्री अकरा वाजता चार बॅगा ट्रॉलीवर ढकलत टर्मिनल शोधायचं हे मला पटत नाही. करायचंच असेल तर आदल्या दिवशी दिल्लीत पोचा आणि रात्री हॉटेलात झोपा.

आणि एकदा वरच्या पायरीवर पोचलातच तर तिला वर छत नाहीये. ८,१०० मैल आणि ९,५०० मैल एकाच भावात. त्यामुळे झुरिकलाच जीव अडकवू नका, तारखेला सीट मिळत नसेल तर मधे आणखी एक शहर घालून बघा, पॉइंट्स तेवढेच लागतील. मात्र एअर कॅनडाचं स्वतःचं किंवा काही ठरावीक भागीदारांचं विमान त्यात आलं तर त्यांचे भाव मागणीप्रमाणे वरखाली होतात, तेव्हा शेवटचा आकडा नीट बघून मगच बटण दाबायला सांगा. भागीदाराच्या विमानाला ३९ कॅनेडियन डॉलर फी लागते आणि एअरपोर्टचे टॅक्स वेगळे, पण फ्युएल सरचार्ज एरोप्लॅन लावत नाही, हा त्यांचा मोठा गुण. काही प्रोग्रॅम त्याच लुफ्थान्साच्या सीटवर इतका सरचार्ज लावतात की फुकट तिकीट हा शब्दच चेष्टा वाटायला लागतो. शेंगेन व्हिसा आणि कॅनडाचा व्हिसा दोन्ही हातात आल्याशिवाय पॉइंट्स कापू देऊ नका.

प्रश्न (पुणे): २३ तासांचा हॉल्ट फुकट आणि २५ तासांचा झाला की पॉइंट्स जास्त, हे खरं आहे का? सिंगापूरला एक दिवस फिरून पुढे जायचा विचार आहे.

खरंय ताई. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा म्हणजे नुसतं कनेक्शन, वर गेला की स्टॉपओव्हर. घड्याळ लागतं ते तिकिटावर छापलेल्या वेळेप्रमाणे, विमान उतरायच्या वेळेपासून पुढचं सुटायच्या वेळेपर्यंत. सकाळी सातला उतरलात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला निघालात तर साडेतेवीस तास, कनेक्शन. पूर्ण दिवस आणि एक रात्र मिळाली. ज्या प्रोग्रॅममध्ये स्टॉपओव्हर अजिबातच चालत नाही तिथे हाच एक मार्ग.

तीन गोष्टी मात्र बघा. एक, बाहेर पडायचं तर त्या देशाचे व्हिसाचे नियम लागतातच, तुमचा थांबा कनेक्शन आहे की स्टॉपओव्हर याच्याशी इमिग्रेशनवाल्याला कर्तव्य नाही. दोन, बॅग शेवटच्या गावापर्यंत टॅग होऊन निघून जाऊ शकते, तेव्हा एक जोडी कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि तीन, जे लोक विसरतात, एअरलाइनने नंतर वेळापत्रक बदललं आणि तुमचे साडेतेवीसचे सव्वाचोवीस झाले तर घाबरून तिकीट कॅन्सल करू नका. बदल त्यांनी केलाय, फोन करून तसंच ठेवायला सांगता येतं. तुम्ही स्वतः वेबसाइटवर जाऊन काही बदलायला गेलात की मात्र सगळं नव्याने मोजलं जातं.

लंडनच्या बाबतीत हे २४ तास आणखी महागात पडतात. तिथून निघणाऱ्या विमानावर एअर पॅसेंजर ड्युटी असते, बिझनेस क्लासला तर भरपूर, आणि २४ तासांच्या आत पुढे निघालात तर ती लागत नाही. लंडनला दोन दिवस राहायचा मोह झाला तर परतीचं विमान पॅरिसहून धरा, मधे ट्रेनने जा. याला आमच्या धंद्यात ओपन जॉ म्हणतात, उघडा जबडा. तिकिटावर त्या तुकड्याच्या जागी एआरएनके अशी अक्षरं येतात, आम्ही अरंक म्हणायचो. अरंक दिसलं म्हणून तिकीट चुकलं असं समजू नका, तेवढा प्रवास तुमचा तुम्ही करणार एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न (ठाणे): मुंबई–न्यूयॉर्क पॉइंट्सवर शोधतोय. सिंगापूरवरून सीट आहे, मला दिसतेय, पण कॉल सेंटरची मुलगी म्हणते रूटिंग इनव्हॅलिड. तीन वेळा फोन केला. सीट असताना देत का नाहीत?

कारण सीट असणं आणि रस्ता मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रोग्रॅमचं नाव छापत नाहीये, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ते जुन्या पद्धतीने मोजतात असं दिसतं. ही पद्धत विमान कंपन्यांच्या संघटनेची, म्हणजे आयाटाची. दर दोन शहरांच्या जोडीला एक कमाल मैलांचा आकडा ठरलेला असतो, एमपीएम म्हणतात त्याला, आणि तो ढोबळमानाने सरळ अंतराच्या २० टक्के जास्त असतो. तेवढ्यात बसेल तो वळसा चालतो.

तुमचंच गणित करू. मुंबई–न्यूयॉर्क सरळ साधारण ७,८०० मैल. त्यात २० टक्के घातले की ९,३६०. फ्रँकफर्टवरून गेलात तर ४,०८० अधिक ३,८५०, म्हणजे ७,९३०, आरामात आत. सिंगापूरवरून गेलात तर आधी २,४३० मैल उलट्या दिशेला, मग तिथून न्यूयॉर्क ९,५३०, जगातल्या सगळ्यात लांब विमानप्रवासांपैकी एक. एकूण ११,९६०. ठाण्याहून सीएसटीला जायला कर्जतवरून गेल्यासारखं आहे हे. ती मुलगी बरोबर होती, फक्त तिने तुम्हाला आकडा सांगायला हवा होता.

कॉल सेंटरला पुन्हा फोन लावताना नुसतं "काहीतरी बघा ना" म्हणू नका. आधी घरी बसून एकेक तुकडा वेगळा शोधा, विमान नंबर, तारीख, क्लास कागदावर लिहा, ग्रेट सर्कल मॅपर नावाची फुकट साइट आहे तिथे अंतराची बेरीज करा आणि मग फोनवर ओळीने वाचून दाखवा. समोरच्याला टायपिंगच करायचं राहतं, म्हणून तो नाही म्हणत नाही. माझा अनुभव असा की सकाळी फोन लवकर लागतो आणि माणूसही ताजा असतो.

प्रश्न (नवी मुंबई): मुंबई–फ्रँकफर्ट शोधलं तर बिझनेसची सीट दिसते. फ्रँकफर्ट–शिकागो शोधलं तर तीही दिसते. त्याच दिवशीची, त्याच एअरलाइनची. पण मुंबई–शिकागो टाकलं की काहीच नाही! मला वेड लावायचा प्लॅन आहे का हा?

नाही हो. रेल्वेचा कोटा माहीत आहे ना? मुंबई–हावडा गाडीत हावड्यापर्यंत सीट उपलब्ध दिसते आणि मनमाड–भुसावळ टाकलं की वेटिंग, कारण मधल्या स्टेशनांचा कोटा वेगळा. विमानात हेच होतं, कधी सरळ, कधी उलटं. कुठून कुठे जाणाऱ्या प्रवाशाला सीट द्यायची हे एअरलाइन ठरवते. तुकड्यात देईल, अख्ख्या प्रवासाला देणार नाही, किंवा अख्ख्या प्रवासाला देईल आणि तुकडा वेगळा मागितला तर नाही म्हणेल. याला मॅरीड सेगमेंट म्हणतात, दोन विमानांचं लग्न लावलेलं असतं आणि एकाला सोडून दुसऱ्याला नेता येत नाही.

त्यात पुन्हा पॉइंट्सच्या सीटचा डबाच वेगळा. स्टार अलायन्स हा एकमेकांचे पॉइंट्स चालवणाऱ्या एअरलाइन्सचा गट, त्यात भागीदारांसाठी इकॉनॉमीला एक्स आणि बिझनेसला आय ही अक्षरं असतात. पैसे देऊन मिळणाऱ्या चाळीस सीट रिकाम्या असतील पण आय शून्य असेल तर तुमच्या पॉइंट्सला शून्यच. कधीकधी स्क्रीनवर आय दोन दिसतं आणि बुक करायला गेलात की एरर, ती भुताची सीट. मुद्दा असा की कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे ट्रान्सफर करण्याआधी ती सीट दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या साइटवरही दिसते का ते बघा, कारण ट्रान्सफर परत फिरवता येत नाही. मी स्वतः एकदा घाईत ७०,००० पॉइंट्स ढकलले आणि पोचेपर्यंत सीट गेली. ते पॉइंट्स वापरायला मला पुढे दीड वर्ष लागलं आणि शेवटी गेलो कुठे तर जिथे जायचंच नव्हतं तिथे.

प्रश्न (डोंबिवली): दोघंही बँकेतून रिटायर झालो. पॉइंट्सवर पृथ्वीप्रदक्षिणा करता येते असं ऐकलंय, एका तिकिटात. जपानी एअरलाइनचं फार स्वस्त पडतं म्हणे?

पडायचं. एएनएचं ते तिकीट पॉइंट्सवाल्या मंडळींचं पंढरपूर होतं, आठ ठिकाणी मुक्काम चालायचा. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी ते बंद केलं. जुन्या लेखांवर विसंबून राहू नका. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये स्टार अलायन्सवरचं तसं तिकीट आहे, कमाल ३५,००० मैल, सात मुक्काम, सोळा विमानं.

रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट काढलं असेल तर कल्पना लगेच येईल, निघालात तिथे परत यायचं आणि ठरलेल्या संख्येइतकेच मुक्काम. जगाच्या तिकिटात आणखी एक अट, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे आणि एकाच दिशेने जायचं, पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच. एखाद्या खंडाच्या आत थोडं मागेपुढे चालतं, समुद्र ओलांडून मागे फिरणं नाही. सात मुक्काम कमी वाटतात, पण मधे ट्रेन किंवा बसने फिरलात तर एका मुक्कामात चार गावं होतात. टोकियोला उतरा, ओसाकाहून निघा. फक्त आपण जमिनीवरून केलेला तुकडाही तुमच्या तिकिटात विमान म्हणून मोजला जातोय का ते आधी विचारा, काही पेड जगप्रदक्षिणा तिकिटांत, उदाहरणार्थ वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाच्या सोळा तुकड्यांत, तोही धरतात.

आणि दोन महासागर ओलांडायचे म्हणजे बहुतेकांची गाडी अमेरिकेवरून जाते. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, रांगेत उभं राहून इमिग्रेशन करावं लागतं आणि बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते, आत बसून राहायची सोयच नाही. कॅनडावरून जाऊ म्हणाल तर तिथेही ट्रान्झिट व्हिसा. रूट आखायला बसाल तेव्हा मैलांच्या आधी व्हिशांचा कागद करा. माझ्याकडे एक जोडपं सुंदर चौदा विमानांचा रूट घेऊन आलं होतं, वहीत रंगीत पेनांनी काढलेला. लॉस एंजेलिसला तीन तासांचा थांबा होता आणि व्हिसा कोणाकडेच नव्हता.

प्रश्न (नागपूर): विस्ताराचे पॉइंट्स पडून होते, ते आता लुफ्थान्सावर वापरता येतील का?

हो. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ते पॉइंट्स तिच्या महाराजा क्लब या प्रोग्रॅममध्ये गेले. विस्तारा कुठल्याच अलायन्समध्ये नव्हती, एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तुमची उलट बढती झाली. लॉगिन करून नाव पासपोर्टप्रमाणे आहे का आणि मुदत किती उरलीय ते आजच बघा. इंडिगो मात्र कुठल्याही अलायन्समध्ये नाही, तिकिटावर परदेशी एअरलाइनचा नंबर दिसला म्हणजे तिचे पॉइंट्स इंडिगोच्या त्या विमानाला चालतीलच असं धरू नका.

प्रश्न (म्हापसा, गोवा): गोवा–मुंबई–फ्रँकफर्ट असं पॉइंट्सचं तिकीट आहे. दोन दिवस आधी कामासाठी मुंबईला जातोय. गोवा–मुंबई सोडून थेट मुंबईहून चढलो तर चालेल ना? पैसे... म्हणजे पॉइंट्स तर सगळे भरलेत.

नाही चालणार, दादा. पहिलं विमान सोडलंत की पुढची सगळी आपोआप रद्द होतात, परतीसकट. माझ्या मेव्हण्याने हेच केलं होतं, मुंबई–दिल्ली सोडून राजधानीने गेला, जेवण चांगलं मिळतं म्हणून, आणि दिल्लीच्या काउंटरवर बाईंनी शांतपणे सांगितलं की सर, तुमचं तिकीट सस्पेंड आहे. पासपोर्ट हातात, व्हिसा हातात, बॅगेत सासूबाईंनी दिलेले लाडू, आणि जाता येईना. शेवटी आठवड्याने नवीन तिकीट काढून गेला. निघण्याआधी फोन करून तिकीट मुंबईपासून करून घ्या, बदलाची फी लागली तर भरा, आणि नवीन ई-तिकीट मेलवर आल्याशिवाय फोन ठेवू नका. शेवटचा तुकडा सोडला, म्हणजे परत येताना मुंबईलाच उतरून घरी गेलात, तर मागचं काही रद्द होत नाही, पण बॅग गोव्याला टॅग केलेली असेल तर ती आणि एअरलाइनची नाराजी दोन्ही तुमची. तसं परदेशातून आल्यावर भारतातल्या पहिल्या एअरपोर्टवर कस्टम्ससाठी बॅग बहुधा हातात येतेच, तरी चेक-इनच्या वेळी विचारून घ्या.

आणि एअरपोर्टचा कोड बघा. तुमच्याकडे दाबोळी आणि मोपा दोन आहेत, आमच्याकडे २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही सुरू झालंय. बीओएम म्हणजे अंधेरीवालं जुनं, एनएमआय म्हणजे उलवेचं नवं. गोव्याहून एनएमआयला उतरायचं आणि फ्रँकफर्टचं विमान बीओएमहून, असं दोन तासांच्या फरकाने कोणी दिलं तर ते घेऊ नका, मधे अख्खी खाडी आणि संध्याकाळचं ट्रॅफिक आहे.